लॉर्ड कोणाला म्हणावे?

साहेबाचे राज्य गेले, राज्यघटनेच्या 18 व्या अनुच्छेदाने किताबही रद्द झाले. तेव्हा येथे गव्हर्नर होऊन गेलेल्या प्रत्येक इंग्रजाला सरसकट ‘लॉर्ड’ म्हटले तर बिघडले कोठे, असे चांगली शिकलीसवरलेली माणसेही विचारतात.

बिघडते ते इतिहासात. गव्हर्नर-जनरलच्या हुद्द्याबरोबर लॉर्डपद आपोआप मिळे, ही समजूतच निराधार आहे. सर जॉन लॉरेन्स 1864 पासून पाच वर्षे व्हाइसरॉय होता. बॅरनपद त्याला मिळाले ते येथून परतल्यावर. वॉरन हेस्टिंग्ज तर जन्मात लॉर्ड झाला नाही. 1788 ते 1795 पर्यंत ज्यांच्यापुढे त्याच्यावरील महाभियोग चालला, ते उमरावांच्या सभागृहाचे सभासद खरे लॉर्ड होते, आणि त्यालाच लॉर्ड म्हटले म्हणजे आरोपी व न्यायाधीश यांतला भेदच पुसला जातो. ज्याच्या अमदानीत 1818 मध्ये पेशवाई बुडाली तो लॉर्ड हेस्टिंग्ज निराळा. तो मार्क्विस होता.

हे पद बरेचसे आपल्या वतनासारखे होते. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट व बॅरन या पाच पायऱ्यांपैकी एखादी राजाच्या सनदेने मिळे व सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. बॅरनच्या धाकट्या मुलांच्या वाट्याला ‘ऑनरेबल’ एवढेच उपपद येई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा असाच अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगा. पुण्याची रेसिडेन्सी सांभाळणारा, 1819 ते 1827 पर्यंत मुंबईची गव्हर्नरी करणारा आणि ज्याच्या नावाने मुंबईचे कॉलेज निघाले तो हा पुरुष अखेरपर्यंत लॉर्ड नव्हता. 1853 ते 1860 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचा पुतण्या. कोटातले पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल या पुतण्याच्या नावाचे होते. आमच्या लेखनात मात्र काकाच्या डोक्यावर पुतण्याची पगडी चढते आणि पेशवाईचा पाडाव पाहिलेला मुत्सद्दी व सत्तावनच्या धामधुमीतला गव्हर्नर हे दोघे एकच होऊन बसतात.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की ज्या प्रसंगाचे वर्णन चालले आहे त्या प्रसंगी त्या व्यक्तीची जी पदवी होती तीच लिहावी. ‘सर’ हे उपपद व्यक्तिनामाला जोडावे, नुसत्या आडनावाला नव्हे. आणि जेथे लॉर्डपद खरोखर होते तेथे, स्वाभिमानाच्या भरात, ते गाळूही नये. सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांना 1919 मध्ये रायपूरचे बॅरन केले, ते केवळ मिरवण्यासाठी नव्हे. भारतमंत्र्यांच्या खात्याचे उपमंत्री या नात्याने त्या सालचा सुधारणा कायदा त्यांना उमरावांच्या सभागृहातून पार पाडावयाचा होता. त्यांच्या नावामागचे ‘लॉर्ड’ काढून टाकले, तर एका हिंदी गृहस्थाला त्या सभागृहात उभे राहून बोलण्याचा अधिकार कोठून आला, हे आजच्या विद्यार्थ्याला कळावे कसे?