ढेलजेतली बंगई आणि जवसाचं तेल

अकोटहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "आमचा वाडा जुना. ढेलजेत सासूबाईंच्या सासऱ्यांच्या काळची बंगई टांगलेली आहे. शेजारी लाकडी बाक आणि भिंतीला खुंट्यांची फळी. दिवाळीनंतर मुलीला बघायला मंडळी येणार. आमचे हे आणि धाकटे भाऊजी म्हणतात, हे काळंकुट्ट सामान काढून टाकू. जुनं सामान घेणारा एक जण येऊन बघूनही गेला. त्या पैशांत चपलांचं नवं कपाट आणि सोफा येईल म्हणे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'मले काय इचारता? तुमचं घर हाय.' आणि त्या दिवसापासून त्या बंगईवर बसलेल्या नाहीत. मी काय करू?"

ताई, आधी त्या घेणाऱ्याला निरोप पाठवा की दिवाळी होईपर्यंत काही द्यायचं नाही. मग एक काम करा. बंगईची फळी खालच्या बाजूने, कोणाला दिसणार नाही अशा जागी, काचेच्या तुकड्याने जराशी खरवडा. आत सोनेरी-तपकिरी लाकूड दिसलं, हाताला किंचित तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला, तर ते सागवान. वरचा काळेपणा शंभर वर्षांच्या धुराचा, हातांचा आणि तेलाचा आहे. लाकूड काळं नाही.

आणि वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यातलं सागवान बहुधा मेळघाटचं. तुमच्या अकोटच्या उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते ना, नरनाळ्याच्या पलीकडे, तिथलं. परतवाडा हे या लाकडाच्या व्यापाराचं जुनं ठिकाण. 1973-74 मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. तशा जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं लाकूड आता सहजी मिळत नाही. हल्ली लागवडीतला साग लहान वयात तोडतात. त्यात कडेचा पांढरा भाग जास्त निघतो, आणि किडीला आवडतो तो नेमका तोच. म्हणजे तुमच्या घरून जे जाईल ते परत विकत घेता येणार नाही, आणि घेणाऱ्याला हे तुमच्या यजमानांपेक्षा जास्त ठाऊक असतं, बरं का!

आता नव्या कपाटाचं. दुकानात जे गुळगुळीत, चकचकीत कपाट दिसतं ते बहुतेक वेळा भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं असतं. कोरड्या खोलीत ते चालतं. पण ढेलज म्हणजे ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, सणासुदीला बादलीने धुतलेली फरशी. खालच्या कडेतून पाणी शिरलं की ती पाटी पोळीसारखी फुगते आणि पुन्हा कधी बसत नाही. आमच्याकडे असं एक कपाट एका पावसाळ्यात गेलं. चपला ठेवायला काही हवंच असेल तर पट्ट्यापट्ट्यांचं, हवा खेळेल असं, चार बोटं उंच पायांचं अरुंद बाक सुताराकडून करून घ्या. प्लायवूड वापरणार असाल तर आयएस 710 असा शिक्का बघून घ्या. ते पाण्याला टिकतं.

बंगईचं पहिलं काम सौंदर्याचं नाही, जिवाचं आहे. कड्या आणि साखळ्या उतरवून बघा. कडीत कडी घासते तिथे लोखंड झिजून बारीक झालं असेल तर ती कडी बदलाच, नुसतं तेल सोडून भागवू नका. ज्या तुळईला बंगई टांगली आहे ती भिंतीत शिरते तिथे लाकडी दस्त्याने ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर उधई आत आहे. उधई आणि घुण यांत पुष्कळ बायकांची गल्लत होते. उधई मातीच्या नळ्या करून वर चढते. घुण लागला तर लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. घुणाच्या भोकांत औषध सुईने भरता येतं. उधईला मात्र जमिनीपासून उपाय करावा लागतो, तिथे जाणकार माणूस बोलवा. बाकाचे पाय मातीवर किंवा ओल्या कोपऱ्यात ठेवू नका. पायांखाली फरशीचे तुकडे द्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर राखा.

लाकडावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासून काढू नका. पूर्वीच्या रंगात शिसं असे, त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. माहीतगार सुताराकडूनच तो काढून घ्या, आणि तोवर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

रंग नसेल तर काम सोपं आहे. कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून, कापड घट्ट पिळून, बंगई पुसून घ्या. दोन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलीत तर चिरेल. मग एका कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून बघा. जागा चिकट झाली तर वर चपड्याचं पॉलिश आहे, त्याच्यावर तेल मुरणार नाही. तिथे सुताराकडून पुन्हा चपडा लावून घेणंच बरं. चिकट झाली नाही तर बारीक पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासू नका.

आता तेल. आपल्याकडे जवस पिकतो, चटणी घरोघरी होते, म्हणून घाणीचंच तेल लावावं असं वाटेल. तेही मुरतं, पण वाळायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात 'बॉइल्ड' जवसतेल मिळतं, ते घ्या. ते खायचं नाही, बाटलीवर तसं लिहून ठेवा. त्यात तितकंच टर्पेंटाइन मिसळा, पातळ हात द्या, अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल कोरड्या कापडाने पुसून काढा. एकेक दिवस सोडून असे तीन हात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल मात्र चुकूनही लावू नका, ते वाळत नाही, धूळ धरून बसतं आणि चिकटतं.

एक महत्त्वाचं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. माझ्या घरी न्हाणीजवळ टाकलेला बोळा दुपारी धुमसायला लागला होता, वास आला म्हणून निभावलं. बोळे पाण्यात भिजवा, मग अंगणात पसरून वाळवा.

हे सगळं पावसाळ्यात करायचं नाही. आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून भाद्रपदात अडकणारं दार लगेच रंध्याने तासून घेऊ नका, उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीच्या आधीचे कोरडे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले.

ताई, यजमानांशी वाद घालण्यापेक्षा बाकाची एकच फळी आधी करून दाखवा. आणि तेलाचा पहिला हात सासूबाईंना देऊ द्या. बंगईची कोणती कडी कुरकुरते आणि कोणत्या बाजूने ती झुकते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार. विकायची की नाही ते त्यांना पुन्हा विचारा, पण या वेळी एकट्या असताना, भाऊजींसमोर नको.

शेवटचा हात दिल्यावर आठ दिवस बंगई रिकामी राहू द्या. अकोटच्या सतरंज्या पूर्वीपासून नावाजलेल्या, घरात जुनी असेलच. ती मंडळी यायच्या दिवशीच अंथरा. त्याआधी अंथरलीत तर तेलाचे डाग सतरंजीला लागतील, आणि ते निघत नाहीत.