‘नाही’ गळता कामा नये

संगणकाच्या नोकरीला जाणारी मुले-मुली आता आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत. ‘दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधले बदल तपासते,’ असे मुलगी सांगते, तेव्हा आईवडिलांना त्यातले फारसे उमगत नाही. वाचक बंधु-भगिनींनो, हे काम मोठ्या जबाबदारीचे आहे. एक उदाहरण घेऊन ते आज समजून घेऊ.

अर्ज, दाखले, निकालपत्रे वाचून त्यांतील माहिती काढणारे प्रोग्राम असतात. लांबलचक कागद एका दमात हाताळणे अवघड, म्हणून प्रोग्राम त्याचे तुकडे पाडतो. नुसती अक्षरे मोजून कापले तर वाक्य मध्येच तुटते. आपल्या मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘पेन्शनची रक्कम मिळालेली नाही’ हे वाक्य ‘मिळालेली’वर तुटले, तर ‘नाही’ पुढच्या तुकड्यात एकटे पडते. मग एखाद्या विधवा भगिनीची तक्रार निकालात निघू शकते आणि पैसे मात्र मिळालेले नसतात!

यावर उपाय आहे. शक्यतो वाक्य संपते तेथे तोडावे आणि मागच्या तुकड्याचा शेवटचा भाग पुढच्यात पुन्हा घ्यावा. कागद २,५०० अक्षरांचा, तुकडा १,००० अक्षरांचा आणि पुन्हा घ्यायची अक्षरे २०० असतील, तर १ ते १,०००, ८०१ ते १,८०० आणि १,६०१ ते २,५०० असे तीन तुकडे पडतात. पण कोणी २०० ऐवजी १,००० लिहिले, तर प्रोग्राम जितका पुढे जातो तितकाच मागे येतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. तपासणाऱ्याने हे आकडे स्वतः मांडून पाहावेत.

आणखी एक मेख आहे. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडमध्ये मात्र ती क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी ४ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२ बाइट लागतात. साध्या इंग्रजी अक्षराला १ पुरतो. केवळ इंग्रजी कागदावर चाचणी घेतली तर सारे ठीक दिसेल आणि ‘शिक्षिका’ मात्र मधोमध फुटेल. म्हणून चाचणीत मराठी कागद असलाच पाहिजे.

आता नोंदवहीकडे वळू. कारखान्यात मस्टर असते, तसा प्रोग्रामही केव्हा काय घडले ते लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. पायथॉन भाषेत या नोंदींच्या पायऱ्या आहेत: डिबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. वेगळे काही सांगितले नाही तर वॉर्निंग आणि त्यावरच्याच नोंदी उमटतात. ‘कागद वाचता आला नाही’ ही नोंद डिबगमध्ये टाकली, तर कोणाचा अर्ज राहून गेला याचा पत्ताही लागणार नाही.

उलट, सारेच लिहून ठेवणेही घातक. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीने (आजचे एक्स) आपल्या सर्व ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. एका दोषामुळे पासवर्ड उघड स्वरूपात कंपनीच्या आतल्या लॉगमध्ये लिहिले गेले होते. मग दाखल्यातला आधार क्रमांक किंवा आजाराचे नाव लॉगमध्ये कशाला हवे? कागदाचा क्रमांक, तुकड्याचा क्रमांक, लांबी आणि बिघाडाचे कारण एवढे बहुधा पुरते.

आमचे तरुण मुला-मुलींना सांगणे आहे की, वरिष्ठाने लिहिले म्हणून डोळे झाकून मंजुरी देऊ नका. नुसते ‘चूक’ असेही लिहू नका. कोणता कागद दिल्यावर काय बिघडते, ते नम्रपणे दाखवा. आणि पालकांनो, मुलगी कामावरून उशिरा आली तर एवढ्या काळजीचे काम ती करते आहे, हे ध्यानात असू द्या.