शेवटचं अक्षर वाचलंत का?

बालमित्रांनो, सिनेमे पाहायला टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर जुळवताय? मग आई-बाबांबरोबर दुकानात जाण्याआधी हे वाचा.

इंटेलचे २०२२ सालचे दोन प्रोसेसर घ्या: आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ. दोन्ही एलजीए १७०० सॉकेटच्या मदरबोर्डवर बसतात. 'एफ'वाला थोडा स्वस्त. पण गंमत अशी, की त्यात चित्र तयार करणारी सोयच नसते! मदरबोर्डला एचडीएमआयची जागा असूनही टीव्ही काळाच राहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. मग कुठली बचत?

म्हणून 'एफ' नसलेलाच निवडा. मदरबोर्डवर एचडीएमआय २.० आहे ना, तेही विचारा. त्यावर फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, जुन्या १.४ वर फक्त ३०.

तुमच्या घरच्या प्रोसेसरचं शेवटचं अक्षर कोणतं? शोधा बरं!