देवळाचा उतरवलेला खांब
सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या हूनेफर या इजिप्शियन राजलेखनिकाची ‘मृतांच्या ग्रंथा’ची गुंडाळी रंगवलेल्या लाकडी देवमूर्तीच्या पोकळीत सापडली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे लाकूड टिकले ते कोरड्या हवेमुळे आणि बंद थडग्यामुळे. श्रद्धेचे श्रेय त्यात थोडेच.

भोर-वेल्ह्याच्या पावसात, वाळवीत ती मूर्ती शतकभरही तगली नसती. इथे जुन्या देवळात देव दगडाचा, मंडप बहुधा लाकडाचा. लाकूड कुजले की गाव वर्गणी काढून जीर्णोद्धार करते. नवे करणे हीच इथली जपणूक. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते उतरवलेला कोरीव खांब मोजमाप वा छायाचित्राविना सरपणात जाणे. निदान एक खांब देवळाच्याच आवारात, आडोशाला, जीर्णोद्धाराच्या सालासह उभा ठेवावा.