तबकडी आणि पाठशुद्धी

घरी चित्रपट पाहण्याच्या तबकड्यांविषयी आपल्याकडे एक चढती भाजणी रूढ झाली आहे: व्हीसीडी टाकाऊ, डीव्हीडी बरी, ब्ल्यू-रे उत्तम. आकड्यांपुरती ही भाजणी खरी आहे. परंतु चित्रपट ही एक संहिता आहे असे मानले, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तसे मानण्यावाचून गत्यंतर नाही, तर या भाजणीने मूळ प्रश्नाला बगल दिली आहे, असे आमचे मत आहे. तो प्रश्न असा: तबकडीवरचा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला?

प्रथम आकडे पाहू. पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्राच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे १ लाख बिंदू असतात. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाखांहून अधिक. ब्ल्यू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक. व्हीसीडीवरील चित्राच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिट येतात. डीव्हीडीवर ही मर्यादा ९८ लाखांपर्यंत जाते. म्हणूनच व्हीसीडीवर पाऊस, गर्दी किंवा अंधारातला प्रसंग आला की चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या उडत. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटेच मावत असल्याने मध्येच उठून दुसरी लावावी लागे, ते वेगळेच.

आवाजाचे अंतर मात्र एवढे नाही. व्हीसीडीवरील ध्वनीला सेकंदाला २२४ हजार बिट मिळतात. जुन्या, एकाच ध्वनिमार्गाच्या मराठी चित्रपटातील संवाद स्वच्छ ऐकू येण्यास तेवढे पुरेसे असतात. ज्याला भाषेसाठी चित्रपट ऐकायचा आहे, त्याची व्हीसीडीने फारशी फसवणूक केली नाही.

२००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा दोहोंतला फरक ६ रुपयांवर आला. सहा रुपये अधिक मोजले की चित्र चौपट स्पष्ट, असा सरळ हिशेब ग्राहकाने मांडला. हिशेब चुकतो तो येथेच. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर दोन तासांचा एकच चित्रपट ठेवला, तर चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट मिळतात. त्याच तबकडीवर तीन चित्रपट, म्हणजे साडेसहा तास कोंबले, तर वाट्याला १६ लाखच उरतात. हे व्हीसीडीपेक्षा थोडेसेच अधिक, आणि तेवढ्यात चौपट बिंदू भरायचे. ‘एकात तीन’ असे मिरवणाऱ्या डीव्हीडीवर चेहरे मेणाचे का दिसत, याचे उत्तर या भागाकारात आहे.

दुसरा दोष संपादनाचा. १९३६ चा ‘संत तुकाराम’ किंवा १९५३ चा ‘श्यामची आई’ यांची चौकट आजच्या दूरचित्रवाणी संचासारखी रुंद नाही. तिची रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडीच अधिक. असा चित्रपट रुंद पडदा भरण्यासाठी वरखाली कापला, तर जवळजवळ चौथाई चित्र नाहीसे होते. ओवीचा चौथा चरण गाळून पोथी छापावी, तसाच हा प्रकार. एकाच ध्वनिमार्गाचा जुना ध्वनी कृत्रिमरीत्या सहा मार्गांत पसरवून वेष्टनावर ‘५.१’ छापणे हाही प्रक्षेपच होय. संवाद त्यामुळे पोकळ होतो. अधिक काहीच ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धत २५ चौकटींची. तबकडी करताना चित्रपट तेवढ्या वेगाने पळवला, तर दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि, ध्वनीची दुरुस्ती केली नसेल तर, स्वरही चढतो. काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी दोनच्या दिशेने बरेच सरकते. ब्ल्यू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा ठेवता येतात. आमच्या मते ब्ल्यू-रेचे हे श्रेष्ठत्व तिच्या २० लाख बिंदूंहून मोलाचे आहे, कारण ते मूळ पाठाशी इमान राखण्याचे आहे.

मग व्हीसीडी टाकाऊ ठरते काय? खानदेशापुरते तरी नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने ५० किलोमीटरच्या आसपास असलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. त्या परंपरेतील चित्रपट, तसेच आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी प्रसंगांच्या व्हीसीडी, यांच्यामागे फिल्मची निगेटिव्ह नाहीच. मूळ व्हिडिओ टेप पुसली गेली किंवा हरवली असेल, तर व्हीसीडी हीच आद्य प्रत. तिला ब्ल्यू-रेवर चढवल्याने एकही बिंदू वाढणार नाही. तिला फेकून दिल्याने मात्र सर्व काही जाईल. मालेगावच्या या कलावंतांवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यांच्याविषयीची कलाकृती उत्तम चित्रणात जपली जाईल आणि त्यांच्या स्वतःच्या कृती घराघरांतल्या डब्यांत ओरखडे खात पडतील, ही विपरीत स्थिती आहे. घरगुती यंत्रावर उतरवलेल्या तबकडीतील रंगद्रव्य काळाने विटते आणि मग ती वाचताच येत नाही.

धुळ्याला प्रतींचे मोल नव्याने सांगण्याची गरज नसावी. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांनी याच शहरात जुनी बाडे जपली. त्यातले प्रत्येक बाड सुवाच्य होते म्हणून कुणी ते ठेवले नाही. अशुद्ध प्रतही ठेवावी लागते, कारण शुद्ध पाठ ठरवताना तिचीच साक्ष निघते. हाच न्याय तबकड्यांना लावावा. देवपुरातल्या आणि इतरत्रच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी व्हीसीडी रद्दीत काढण्यापूर्वी तिची जशीच्या तशी संगणकीय प्रत करून ठेवावी. अहिराणीच्या तबकड्यांना अग्रक्रम द्यावा. जुने मराठी चित्रपट नव्याने प्रसिद्ध करणाऱ्यांनी ते जुन्या डीव्हीडीवरून मोठे करून न देता उपलब्ध निगेटिव्ह किंवा प्रिंटवरून घ्यावेत. आता तबकड्यांची दुकाने उरली नाहीत आणि चित्रपट इंटरनेटवरून पाहिला जातो, त्यामुळे ही मागणी अधिकच निकडीची झाली आहे. तबकडी निदान हातात धरून तपासता येत असे.

जुना लेखनिक पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहीत असे: प्रत कोणी उतरली, कोठे, कोणत्या शकात. चित्रपटाच्या वेष्टनावर बिंदूंची संख्या ठळक छापणाऱ्यांनी तेवढी एक ओळ लिहिली, तर दर्जाविषयीचा निम्मा वाद तेथेच मिटेल.