‘हे काय आहे?’ विचारू नका

गेल्या महिन्यात खिदिरपूरच्या आमच्या घरी एका मुलीने चौकोनी कागदाला तीन काप दिले, तुकडे सरकवले आणि मान तिरकी करून बघत बसली. तेवढ्यात तिला न्यायला आलेल्या वडिलांनी विचारलं, “एटा की?” मुलीने घाईघाईने पेन्सिलीने खाली दोन पाय काढले. “मुर्गी.” वडील खूश. खेळ संपला.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. तो फक्त वडिलांचा नाही. भिंतीवर गायतोंड्यांची प्रत लावणारे आणि बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ कपाटात ठेवणारे आपणही मुलाच्या कागदावर वाकून हेच विचारतो. शब्दांत जगणाऱ्या माणसांना नाव नसलेला आकार दोन मिनिटं सहन होत नाही.

रविवारी माझ्याकडे आठ-नऊ मुलं येतात. बंगाली, उर्दू, हिंदी बोलणारी. नियम एवढेच: एक चौकोन, तीन काप, एकही तुकडा टाकायचा नाही, एकावर एक चढवायचा नाही आणि दहा मिनिटं कशालाही नाव द्यायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यांत अवघड.

एका परिचित चित्रशिक्षकांनी याला टाइमपास म्हटलं. शिस्त हवी तर एलिमेंटरीची संकल्पचित्रं घोटवून घ्या, असा त्यांचा सल्ला. मी ती घोटली आहेत. वर्तुळात त्रिकोण, त्रिकोणात पाकळी, थंड रंगाशेजारी उष्ण रंग. गुण मिळाले, डोळा मिळाला नाही. नक्कल करताना चूक दुसरा दाखवतो. तीन कापांत डावीकडची फट जड झाली हे मुलाला स्वतःच दिसावं लागतं, आणि ते दुरुस्त करायला चौथा काप मिळत नाही. यापेक्षा कडक शिस्त मला तरी माहीत नाही.

आणि ही सवय या शहराला परकी नाही. डिसेंबर १९२२ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या क्ले, कांडिन्स्की, इट्टेन यांची कामं कलकत्त्यात लागली होती. हा इट्टेन विद्यार्थ्यांना आधी श्वासाचे आणि अंगाचे व्यायाम करायला लावी, मग वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. त्याला टाइमपास म्हणायची हिंमत कुणी करत नाही. तो जर्मनीत शिकवत होता ना! रवींद्रनाथांनी तर हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांतून विचित्र प्राणी आणि बिनप्राण्यांचे आकार काढले. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’च्या वहीत हा खेळ रंगला आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. इथल्या घराघरात त्यांची तसबीर आहे. मुलाने वहीत खाडाखोड केली की मात्र पान फाडलं जातं.

विश्वकर्मा पूजेला या भागाचं आभाळ पतंगांनी भरतं. पेटकाटी म्हणजे पोट कापलेला, मुखपोडा म्हणजे तोंड जळालेला. ही नावं पतंग कशासारखा दिसतो ते सांगत नाहीत. कागदाला काय केलं ते सांगतात. (चाँदियालमध्ये चांद आलाच, हे मान्य.) असं नाव मला चालतं. ते आकारानंतर येतं आणि त्याच्यावर बसत नाही.

माझ्याकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने गोदीच्या क्रेन काढायच्या सोडून दोन क्रेनमधली मोकळी जागा काढली, काळ्या खडूने, घट्ट. मी सांगितलेला व्यायाम होता तो. पोराने अभिमानाने शाळेत नेला. शेरा आला: अपूर्ण. त्या दिवसापासून तो ड्रॉइंगच्या तासाला पेन्सिल उचलत नाही. म्हणतो, “मुझे नहीं आता.” रविवारी येतो, कोपऱ्यात बसून कागदाच्या घड्या घालतो, उलगडतो. हे माझ्यामुळे झालं का, असं मी स्वतःला विचारते. थोडं झालं असेल. शाळा काय विचारेल याची तयारी मी त्याच्याकडून करून घेतली नव्हती.

पण म्हणून मी त्याला मुर्गी काढायला सांगणार नाही. पुढच्या रविवारी न्यायला येणाऱ्या पालकांना अर्धा तास आधी बोलावलं आहे. त्यांच्यासाठीही कात्र्या आणल्यात. काप तीनच.