चेंडू बदलण्यापूर्वीं

दहा पिना पाडण्याचा बोलिंगचा खेळ अमेरिकेंत फार लोकप्रिय आहे. आतां आपल्याकडील मोठ्या शहरांतही त्याचीं दालनें दिसतात. गेल्या सुटींत आम्ही कांहीं विद्यार्थी अशा एका दालनांत गेलों होतों. आमच्यांतील एकानें वडील बंधूंचा चेंडू आणिला होता. सकाळीं तो पहिल्या व तिसऱ्या पिनांमधील फटींत नेमका शिरे. दुपारीं तोच चेंडू, तोच हात. पण तो डावीकडे अति वळून भलतीकडेच जाऊं लागला. घरीं येतांच मित्रानें वडिलांकडे नव्या चेंडूचा हट्ट धरिला. हा हट्ट पुरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मांडतांना मित्राचा रोष पत्करण्यास आम्ही सिद्ध आहों.

फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब असते. रुंदी ३९ पट्ट्यांची, म्हणजे सुमारें साडेतीन फूट. ती पाहणारास सर्वत्र सारखी दिसते, पण तशी ती नसते. साधारणतः पहिल्या ४० फुटांवर यंत्रानें तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. पुढील भाग कोरडा. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या भागीं त्यास पकड मिळून तो वळतो आणि शेवटीं लोळत पिनांत शिरतो. कॅरमच्या फळीवर पावडर कमीअधिक पडली म्हणजे स्ट्रायकर कसा वागतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. भेद इतकाच कीं, पावडर डोळ्यांस दिसते, हें तेल सहसा दिसत नाहीं.

बहुतेक दालनांत मधल्या पट्ट्यांवर तेल अधिक व कडांस कमी असतें. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू जरा बाहेर गेला तर कोरडी कड त्यास परत आणिते. आंत गेला तर तेल त्यास फार वळूं देत नाहीं. अशा लेनवर मिळविलेल्या गुणांचा आम्हांस मोठा अभिमान वाटतो. त्यांत लेनचा वांटा किती, हें कोणी विचारीत नाहीं! स्पर्धेच्या कठीण लेनवर तेल अधिक सारखें पसरलेलें असतें. तेथें ही कृपा लोपते.

शिवाय प्रत्येक फेकीबरोबर तेल थोडें थोडें हालतें. १९९० च्या दशकाच्या आरंभीं आलेले रिॲक्टिव्ह रेझिनचे चेंडू तर तें शोषूनच घेतात. म्हणून सकाळची वाट दुपारीं तशी राहत नाहीं. आमच्या मित्राचें नेमकें हेंच झालें. यास उपाय आहे. चूक ज्या बाजूस होते त्याच बाजूस आपण सरकावें. चेंडू डावीकडे फार जात असेल तर उभें राहण्याची जागा दोन पट्ट्या डावीकडे घ्यावी व लेनवरील बाणांपाशीं धरलेलें लक्ष्य एक पट्टी डावीकडे न्यावें. मग पुन्हा पाहावें. यास पैसा लागत नाहीं. दोनतीन फेकी मात्र लक्ष देऊन पाहाव्या लागतात, आणि मुलांस कंटाळा येतो तो येथेंच.

चेंडूची निवड निरर्थक आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. खरखरीत चेंडू लवकर पकड घेतो, चकचकीत केलेला दूरवर घसरतो. सरकून भागेनासें झालें म्हणजे निष्णात खेळाडू चेंडू बदलतात, तें योग्यच. पण बदल कां करावयाचा हें ज्यास उमगत नाहीं, त्यास चार चेंडू दिले तर चार प्रकारांनीं चुकण्याची सोय होईल, इतकेंच. आणि ज्याच्या घरीं एकही चेंडू घेण्याची ऐपत नाहीं, त्या मुलास हा खेळ आपला नव्हे असें वाटूं लागतें, हें आम्हांस अधिक सलतें.

दालनांत मिळणारा साधा प्लॅस्टिकचा चेंडू तेलाची फारशी पर्वा करीत नाहीं. तो बहुधा सरळ जातो. म्हणूनच कोपऱ्यांत एकटीच पिन उरली असतां मोठमोठे खेळाडूही महागडे चेंडू बाजूस ठेवून प्लॅस्टिकचा उचलतात. पुढील सुटींत आमच्या मित्राच्या हातीं आम्ही प्रथम तोच देणार आहों, आणि प्रत्येक फेक कोठून टाकली व कोठें गेली हें टिपावयास एक वही. ती वही मात्र त्याच्या वडिलांनीं घेऊन द्यावी.